स्पार्क एस३वरील फायली वाचत नाही: हडूपच्या जारच्या आवृत्त्या जुळवायच्या कशा?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर) | मूळ प्रश्न

नमस्कार. आम्ही चौघे जण मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या महसूल मंडळनिहाय दैनंदिन पावसाच्या नोंदी एकत्र करतो. कोणत्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला, म्हणजे अतिवृष्टीची नोंद कोठे लागते, हे त्यातून काढायचे असते. जोडीला बाजार समित्यांमधील सोयाबीन आणि तुरीच्या आवकेचे आकडेही आहेत. जुन्या वर्षांच्या नोंदी जमा होत गेल्या तशी पायथॉनची साधी टिपणे अपुरी पडू लागली. म्हणून सर्व फायली पार्केट या साठवण-स्वरूपात ॲमेझॉनच्या मुंबई विभागातील एस३ या क्लाउड साठवणीच्या बकेटमध्ये ठेवल्या आणि हिशेबासाठी पायस्पार्क (मोठ्या नोंदींवर हिशेब करणाऱ्या स्पार्कचे पायथॉन रूप) ३.५.३ पिपमधून बसवले.

पहिल्याच वाचनाला 'क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन' आले आणि एस३ए-फाइलसिस्टम (एस३वरील फायली वाचणारा हडूपचा भाग) नावाचा क्लास सापडत नसल्याचे कळले. स्पार्क फायली वाचण्यासाठी हडूप ही लायब्ररी वापरते. शोधल्यावर तिचा हडूप-एडब्ल्यूएस नावाचा जार (जावाचे क्लास एकत्र बांधलेली फाइल) हवा असल्याचे समजले, तेव्हा त्याची त्या वेळी मिळालेली नवी आवृत्ती ३.४.१ जोडली. मग पहिली चूक गेली आणि 'नोक्लासडेफफाउंडएरर' आला. त्यात प्रीफेचिंगस्टॅटिस्टिक्स नावाचा क्लास मिळत नाही असे होते. हा क्लास हडूपच्या मुख्य भागात असतो असे वाचून आमच्यापैकी एकाने हडूप-क्लायंट-एपीआय आणि हडूप-क्लायंट-रनटाइम या दोन जारच्या ३.४.१ आवृत्त्या उतरवून पायस्पार्कच्या जार फोल्डरमध्ये टाकल्या. पुढे स्पार्क ३.५ला हडूप ३.३.४ लागते असे कोठेतरी वाचनात आले, म्हणून हडूप-एडब्ल्यूएस ३.३.४ केला.

आता स्थिती अशी आहे की माझ्या लॅपटॉपवर सर्व फायली व्यवस्थित वाचल्या जातात, पण सर्व्हरवर तोच प्रोग्रॅम 'नंबरफॉरमॅटएक्सेप्शन' देऊन थांबतो आणि '६०एस' या अक्षरांचा आकडा करता येत नाही असे सांगतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये '६०एस' असे कोठेही लिहिलेले नाही. फोल्डर सर्व्हरवर जसेच्या तसे नेले आहे आणि दोन्हीकडील फायलींची नावेही मी ताडून पाहिली आहेत. आठ दिवस यात गेले आहेत. नेमके काय पाहावे, हे कोणी सांगू शकेल का?

काळीमाती (परभणी)

आपण घटनाक्रम नीट लिहिला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. मूळ कारण एकच आहे. हडूप-एडब्ल्यूएस हा स्वतंत्र जार नाही. तो हडूपच्या मुख्य भागाचाच एक तुकडा आहे, त्याच्याबरोबरच बांधला जातो, त्याच दिवशी प्रसिद्ध होतो आणि मुख्य भागातील अनेक आतले क्लास थेट वापरतो. म्हणून त्याची आवृत्ती आणि मुख्य हडूपची आवृत्ती यांत शेवटच्या आकड्यापर्यंत फरक चालत नाही. हे हडूपच्या स्वतःच्या दस्तऐवजांतही स्पष्ट लिहिलेले आहे. ३.३.४ बरोबर ३.३.४च लागते, ३.३.६ नाही आणि ३.४.१ तर नाहीच.

यात फसगत कोठे होते ते सांगतो. एखादी लायब्ररी आपण पॅकेजच्या नावाने मागवली की तिला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या आपोआप येतात, आणि आवृत्ती जुळत नसेल तर तेथेच काही तरी कळेल, असा आपला समज असतो. पण हडूप-एडब्ल्यूएसच्या वर्णन फाइलमध्ये हडूपचा मुख्य भाग 'प्रोव्हायडेड' म्हणून नोंदवलेला आहे, म्हणजे तो चालवणाऱ्याकडे आधीच असेल असे गृहीत धरलेले आहे. त्यामुळे ३.४.१चा जार ३.३.४च्या शेजारी बसवला तरी मागवणारे साधन एका शब्दाने हरकत घेत नाही. प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालू होऊन एखादा क्लास किंवा फंक्शन मागितले जाते तेव्हाच विसंगती उघडी पडते.

म्हणून क्रम उलटा करा. आधी कोणता जार घ्यायचा ते ठरवू नका. चालू असलेल्या स्पार्कलाच विचारा की तुझ्याकडे कोणते हडूप आहे. पायस्पार्कमध्ये सत्र उघडल्यावर स्पार्ककॉन्टेक्स्टच्या जेव्हीएममधून हडूपच्या युटिल पॅकेजातील व्हर्जनइन्फो या क्लासचे गेटव्हर्जन हे फंक्शन बोलवा. ते जो आकडा देईल तोच खरा, कारण फोल्डरमध्ये काय ठेवले आहे हे नव्हे, तर प्रत्यक्षात काय उचलले गेले आहे हे तो सांगतो. आपण लॅपटॉप आणि सर्व्हर या दोन्हींवर हे करून येथे कळवावे.

इतरांच्या उपयोगासाठी जोड्याही लिहून ठेवतो. अपाचीकडून मिळणाऱ्या बांधलेल्या स्पार्कपैकी ३.२बरोबर हडूप ३.३.१ येते, ३.३.०बरोबर ३.३.२ येते, ३.४ आणि ३.५ या दोन्हींबरोबर ३.३.४ येते आणि ४.०बरोबर ३.४.१ येते. ॲमेझॉनच्या एसडीकेचाही (तिच्या सेवांशी बोलणाऱ्या लायब्ररीचाही) असाच मेळ आहे: हडूप ३.३.४ला एडब्ल्यूएस-जावा-एसडीके-बंडल १.१२.२६२ लागते, तर ३.४.१ला एसडीकेची दुसरी पिढी, म्हणजे २.२४.६ आवृत्तीचे बंडल लागते. हडूप-एडब्ल्यूएस पॅकेजच्या नावाने मागवल्यास योग्य एसडीके त्याच्यामागून आपोआप येते. ते वेगळे मागवण्याची गरज नाही, आणि त्यातही 'नवे आहे म्हणून' दुसरा आकडा घालू नये.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मनापासून आभार. दोन्हीकडे विचारून पाहिले. लॅपटॉप ३.३.४ सांगतो आणि सर्व्हर ३.४.१ सांगतो! फोल्डरमध्ये मात्र दोन्हीकडे हडूप-क्लायंट-एपीआय ३.३.४ आणि ३.४.१ हे दोन्ही जार आहेत. फायली सारख्याच असताना उत्तर वेगळे कसे येते, हे अजून मला उमगत नाही.

गोदातीर (नांदेड)

हा प्रश्न मला पाच-सहा वर्षांपूर्वी पडला होता आणि तेव्हा विचारायला कोणी नव्हते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एकाच क्लासच्या दोन प्रती दोन जारमध्ये असतील, तर जावा त्यांची तुलना करत नाही आणि नवी कोणती तेही पाहत नाही. क्लासपाथवर, म्हणजे जावा जेथे क्लास शोधते त्या यादीत, जो जार आधी येतो त्यातली प्रत उचलली जाते. आता स्पार्क आपल्या जार फोल्डरला क्लासपाथमध्ये ताऱ्याच्या खुणेने, म्हणजे 'या फोल्डरमधील सर्व जार' अशा रीतीने घालते. त्या ताऱ्याचा विस्तार कोणत्या क्रमाने होईल याची जावा कोणतीही हमी देत नाही. दोन यंत्रांवर तो क्रम वेगळा असू शकतो आणि एकाच यंत्रावरही तो बदलू शकतो, असे जावाच्या दस्तऐवजातच म्हटले आहे. तुमच्या लॅपटॉपवर ३.३.४ आधी आला आणि सर्व्हरवर ३.४.१ आधी आला, एवढेच घडले आहे. लॅपटॉपवर चालते म्हणून तो बरोबर आहे असे समजू नका. उद्या त्याच फोल्डरची दुसरी प्रत केली तर तेथेही ते बंद पडू शकते.

आता '६०एस'विषयी. हडूपच्या मुख्य जारमध्ये कोअर-डिफॉल्ट नावाची एक एक्सएमएल फाइल असते आणि तुम्ही काहीही न लिहिलेल्या सर्व सेटिंगांचे मूल्य तीमधून येते. एस३एच्या धाग्यांना (थ्रेडना) किती वेळ जिवंत ठेवायचे याचे एक सेटिंग आहे. ३.३च्या मालिकेत तेथे नुसता ६० हा आकडा होता आणि तो सेकंदांत समजला जाई. ३.४च्या मालिकेत त्यालाच एकक जोडले गेले आणि ते '६०एस' झाले. नवा हडूप-एडब्ल्यूएस ते एककासह वाचतो. जुन्या ३.३.४ला मात्र तेथे नुसता आकडा अपेक्षित आहे, म्हणून 'एस' हे अक्षर दिसताच तो थांबतो. थोडक्यात, तुमच्या सर्व्हरवर सेटिंगांची फाइल नव्या घरची आणि ती वाचणारा जुन्या घरचा, असे झाले आहे.

येथे एक धोक्याची सूचना मुद्दाम देतो, कारण शोधल्यावर हा उपाय लगेच सापडतो आणि तो मीही केलेला आहे. ते सेटिंग स्वतः ६० असे लिहून टाकले की ही चूक जाते. मग पुढच्या क्षणी '२४एच' वाचता येत नाही असे येते, कारण अर्धवट राहिलेल्या अपलोडच्या सफाईच्या सेटिंगलाही तेच एकक लागलेले आहे. ते दुरुस्त केले की पुढे आणखी कोठे तरी फंक्शन सापडत नाही. प्रत्येक चूक सुटल्यासारखी वाटते आणि आपण मूळ दुखण्यापासून दूर जात राहतो. हडूप २.७च्या काळात '१००एम' या अक्षरांवरून हेच झाले होते. तेव्हा २.७चा हडूप-एडब्ल्यूएस आणि २.८चा मुख्य भाग एकत्र आले की मल्टिपार्टच्या आकाराचे सेटिंग वाचताना प्रोग्रॅम थांबत असे. आकड्याला चिकटलेले असे एखादे अक्षर त्रुटीत दिसले, आणि ते तुम्ही लिहिलेले नसेल, तर सेटिंगांकडे जाऊ नका, थेट आवृत्त्या तपासा.

मांजरा (लातूर)

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. मात्र एक पर्याय मांडतो: लागणाऱ्या सर्व लायब्रऱ्या स्वतःच्या एकाच मोठ्या जारमध्ये बांधून टाकल्या आणि स्पार्कला 'वापरकर्त्याचा क्लासपाथ आधी' हे सेटिंग दिले, तर सर्व्हरवर काय आहे याची चिंताच करावी लागणार नाही. आम्ही स्कालामध्ये (स्पार्क ज्या भाषेत लिहिले आहे तीत) काम करतो आणि काही ठिकाणी असेच करतो. यात काही वावगे आहे का?

काळीमाती (परभणी)

आपल्या स्वतःच्या लायब्रऱ्यांसाठी हा मार्ग योग्य आहे, पण स्पार्क आणि हडूप त्यात घालू नयेत असे माझे ठाम मत आहे. त्या दोन्ही 'प्रोव्हायडेड' ठेवाव्यात. कारण ते सेटिंग स्पार्कच्या दस्तऐवजांत आजही प्रायोगिक म्हणूनच नोंदवलेले आहे. शिवाय हडूपचे काही क्लास स्पार्कने आधीच स्वतःच्या लोडरमधून (क्लास उचलणाऱ्या भागातून) उचललेले असतात आणि मग त्याच नावाचे क्लास तुमच्या जारमधून पुन्हा उचलले जातात. जावाच्या दृष्टीने दोन वेगळ्या लोडरमधून आलेले एकाच नावाचे क्लास हे दोन वेगळे प्रकार असतात. त्यातून 'क्लासकास्टएक्सेप्शन' येते आणि त्यात 'अमुक क्लासचे रूपांतर अमुक क्लासमध्ये करता येत नाही' असे लिहिलेले असते. दोन्ही नावे मात्र अक्षरशः एकच असतात. ती त्रुटी वाचून माणूस चक्रावून जातो.

मोठ्या जारची खरी गरज ग्वाव्हा या गूगलच्या जावा लायब्ररीसारख्या लायब्रऱ्यांसाठी पडते. त्याचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. स्पार्क ३.५च्या फोल्डरमध्ये ग्वाव्हाची १४.०.१ ही फार जुनी आवृत्ती असते. आमच्या एका कामात गूगलच्या क्लाउड स्टोरेजची क्लायंट लायब्ररी होती आणि तिला नवे ग्वाव्हा हवे होते. त्रुटी 'नोसचमेथडएरर' अशी येत होती आणि प्रीकंडिशन्स या क्लासमधील चेकआर्ग्युमेंट हे फंक्शन नाही असे ती सांगत होती. फंक्शन तर १४.०.१मध्येही आहे! दोन दिवसांनी लक्षात आले की ग्वाव्हा २०पासून त्याच नावाची, ठरावीक संख्येने मूल्ये घेणारी नवी रूपे आलेली आहेत. मूळ कोडची ओळ दोन्हीकडे एकसारखीच दिसते, पण नव्या ग्वाव्हासह कंपाइल केले की बाइटकोडमध्ये नव्या रूपाचा पत्ता लिहिला जातो आणि जुन्या जारमध्ये त्या पत्त्यावर कोणीच राहत नाही.

यावर उपाय म्हणजे मेव्हन या बांधणीच्या साधनाच्या शेड प्लगइनने किंवा स्कालाकडील एसबीटी-असेंब्लीने ग्वाव्हाचे पॅकेज आपल्या स्वतःच्या नावाखाली हलवणे. म्हणजे कॉम.गूगल.कॉमन या नावाऐवजी आपल्या प्रकल्पाच्या नावाने ती प्रत जारमध्ये बसते आणि स्पार्ककडील जुन्या प्रतीशी तिची गाठच पडत नाही. गूगलचा तयार जीसीएस-कनेक्टर आधीच असा शेड केलेल्या स्वरूपात मिळतो, तो घ्यावा. नाव पाहताना एवढेच पाहावे की तो हडूप ३साठीचा आहे. कोण कोणाला ओढून आणतो हे मेव्हनच्या डिपेंडन्सी-ट्री या आदेशाने दिसते. तो वर्बोज (सविस्तर) करून चालवला तर कोणती आवृत्ती गाळली गेली तेही दिसते.

मोसंबीबाग (जालना)

धागाकर्त्याची बकेट मुंबई विभागात आहे, म्हणून एक जुनी पण अजून भेटणारी अडचण नोंदवतो. आवृत्तीचा दोष दरवेळी क्लास सापडत नाही अशा रूपातच येतो असे नाही. ज्यांच्याकडे अजून हडूप २.७ आणि एसडीके १.७.४ आहे, त्यांना मुंबईच्या बकेटवर फक्त '४०० बॅड रिक्वेस्ट' असे उत्तर येते आणि ते किल्ल्या किंवा परवानग्या तपासत बसतात. मुंबई विभाग २०१६मध्ये सुरू झाला आणि २०१४नंतर सुरू झालेले विभाग विनंतीवरील सहीची चौथी पद्धतच स्वीकारतात. जुनी एसडीके आपणहून जुन्या पद्धतीने सही करते. तेथे एंडपॉइंट मुंबईचा स्पष्ट लिहावा लागतो आणि चौथी पद्धत सुरू करणारी जावाची सिस्टिम प्रॉपर्टी ड्रायव्हर (मुख्य प्रोग्रॅम) आणि एक्झिक्युटर (प्रत्यक्ष वाचन करणारे भाग) या दोघांनाही द्यावी लागते. फक्त ड्रायव्हरला दिली की फायलींची यादी दिसते पण वाचन सुरू होताच काम पडते, हे आम्ही अनुभवलेले आहे. खरा उपाय अर्थातच २.७ सोडणे हाच आहे.

बिंदुसरा (बीड)

माझा अनुभव वेगळ्या कारणाचा आहे. येथे तालुक्याच्या गावातून काम करताना इंटरनेट मध्येच तुटते. १.१२.२६२चे एसडीके बंडल सुमारे २८० एमबीचे आहे आणि एकदा ते अर्धवटच उतरले. फाइलचे नाव बरोबर, आवृत्ती बरोबर, तरीही क्लास सापडत नाही असेच येत राहिले. आवृत्त्यांच्या सर्व जोड्या पुन्हा पुन्हा तपासल्या आणि शेवटी फाइलचा आकार पाहिला तेव्हा ती निम्मीच निघाली. मेव्हन सेंट्रल या जारच्या जाहीर साठ्यावर प्रत्येक जारच्या शेजारी त्याची शा-१ बेरीज (फाइल शाबूत आहे का हे ताडण्याची खूण) ठेवलेली असते. हाताने उतरवलेल्या जारची बेरीज तिच्याशी ताडून पाहावी आणि मगच आवृत्त्यांवर संशय घ्यावा.

तसेच स्पार्क पॅकेज उतरवण्यासाठी वापरते त्या आयव्हीच्या कॅशेत जुने काही पडलेले असेल तर पॅकेजच्या नावाने मागवूनही तेच पुन्हा वापरले जाते. शंका आली तर होम फोल्डरमधील आयव्ही२ या लपलेल्या फोल्डरमधून हडूपचे आणि एसडीकेचे तेवढेच भाग काढून टाकावेत. सगळे काढले तर सगळेच पुन्हा उतरवावे लागते आणि आमच्याकडे ते परवडत नाही.

गोदातीर (नांदेड)

बिंदुसरा यांनी फार उपयुक्त गोष्ट सांगितली. त्याला जोडून: ज्या गटात तीन-चार संगणक आहेत त्यांनी सर्व जार एकदाच, चांगल्या इंटरनेटवर उतरवून एकच डॉकर इमेज (सर्व काही आत बसवलेला तयार संच) बांधावी आणि ती पेनड्राइव्हवरून का होईना, सर्वांना द्यावी. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी पिपने बसवणे आणि मग वरून जार टाकणे, यातूनच हे सारे सुरू होते.

जे लोक ॲमेझॉनची ईएमआर किंवा तत्सम तयार सेवा वापरतात, त्यांनी हडूप-एडब्ल्यूएस स्वतः जोडू नये. तेथे सेवा देणाऱ्याने आपला कनेक्टर आधीच बसवलेला असतो. त्यावर वरून अपाचीचा जार टाकला तर चालत असलेले काम बिघडते.

मांजरा (लातूर)

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आभारी आहे. आमच्या बांधणीतून हडूप काढून टाकले आणि जारचा आकार निम्म्याहून कमी झाला.

जाता जाता जावाचाही उल्लेख करतो, कारण या आठवड्यात आमच्याकडे तोच प्रश्न आला. 'अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर'मध्ये ६१ आणि ५५ असे आकडे येतात ते जावाच्या आवृत्तीचे सांकेतिक क्रमांक आहेत. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे जावा ११ आणि ६१ म्हणजे जावा १७. जार १७वर बांधलेला आणि यंत्रावर ११ असेल तर ही त्रुटी येते, त्यात लायब्ररीचा दोष नसतो. पायथॉनच्या बाबतीतही ड्रायव्हरकडे ३.११ आणि वर्करकडे ३.९ असे असेल तर पायस्पार्क काम सुरू करण्यासच नकार देते. पायस्पार्क_पायथॉन हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दोन्हीकडे एकाच पायथॉनकडे वळवले की ते सुटते.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांना कळवण्यास आनंद होतो की सर्व्हरवरील वाचन आता सुरळीत सुरू आहे. काय केले ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणी हा धागा उघडला तर त्याला उपयोग होईल.

आधी ३.४.१चे दोन्ही जार नुसते काढून पाहिले आणि सर्व्हरचे व्हर्जनइन्फो ३.३.४ सांगू लागले. पण त्या फोल्डरमध्ये आठ दिवसांत आम्ही आणखी काय काय टाकले होते याची खात्री कोणालाच देता येईना, म्हणून ते एन्व्हायर्नमेंट पूर्ण पुसून नव्याने बांधले. पायस्पार्क ३.५.३ पिपने बसवले, त्याच्या जार फोल्डरला हात लावला नाही आणि हडूप-एडब्ल्यूएस ३.३.४ फक्त पॅकेजच्या नावाने मागवले. एसडीके १.१२.२६२ त्याच्यामागून आपोआप आले. काळीमाती यांनी लिहिल्याप्रमाणे दुसरे काहीही लागले नाही. '६०एस' गेले, आणि आम्ही घाईत घातलेली चार-पाच सेटिंगेही काढून टाकली. त्यांच्यापैकी एकाचीही गरज नव्हती.

त्यानंतर प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला एक तपासणी घातली. सत्र उघडताच व्हर्जनइन्फोचा आकडा घेतला जातो, तो आमच्या सेटिंग फाइलमधील अपेक्षित आकड्याशी ताडला जातो आणि न जुळल्यास एकही फाइल न उघडता प्रोग्रॅम थांबतो व दोन्ही आकडे छापतो. त्याच ठिकाणी एस३ए-फाइलसिस्टम हा क्लास कोणत्या जारमधून आला तेही छापले जाते, कारण जावात क्लासकडूनच त्याच्या मूळ जारचा पत्ता विचारता येतो. जार फोल्डरमध्ये हडूप-क्लायंट-एपीआयच्या दोन प्रती सापडल्या तरीही तो थांबतो.

एक शंका उरते. ॲमेझॉनच्या पहिल्या पिढीच्या जावा एसडीकेचा आधार ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपला आहे. मग ३.३.४वर थांबणे कितपत योग्य आहे? आणि ४.०कडे जायचे तर एकेक भाग बदलत जाता येईल का?

काळीमाती (परभणी)

एकेक भाग बदलत जाता येणार नाही, आणि आपण नुकतेच जे भोगले ते त्यामुळेच झाले होते. ३.३.४वर आज काम चालते, ते उद्या सकाळी अचानक बंद पडणार नाही. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या तिकडे येणार नाहीत, म्हणून बदल करावाच लागेल. तो करताना वेगळे एन्व्हायर्नमेंट घ्यावे आणि सर्व काही एकदमच बदलावे: स्पार्क ४.०, त्याबरोबर हडूप-एडब्ल्यूएस ३.४.१, आणि जावा १७ किंवा २१, कारण जावा ८ आणि ११ तेथे चालत नाहीत.

दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. स्पार्क ४.० फक्त स्काला २.१३साठी मिळते, म्हणून डेल्टा किंवा आइसबर्ग यांसारखे तक्ते साठवण्याचे काही वापरत असाल तर त्या जारच्या नावातील २.१२ हा भाग सर्वत्र २.१३ करावा लागेल. तो एके ठिकाणी जरी राहिला तरी स्कालाच्या आतील क्लास सापडत नाहीत आणि त्रुटी अशा ठिकाणी येते की डेल्टाचा किंवा आइसबर्गचा संशयही येत नाही. दुसरे म्हणजे एसडीकेच्या दुसऱ्या पिढीत क्लासच्या नावांची सुरुवातच बदललेली आहे. ओळखपत्र देणाऱ्या क्लासचे नाव तुम्ही सेटिंगमध्ये कॉम.ॲमेझॉनएडब्ल्यूएस असे सुरू होणारे लिहिले असेल, तर नेहमीची काही नावे हडूप ३.४ स्वतः ओळखून बदलून घेते, पण स्वतः लिहिलेला असा क्लास असेल तर तो नव्याने लिहावा लागेल. नव्या बंडलचा जार ५०० एमबीपेक्षाही मोठा आहे, हेही बीडकडील मित्रांनी लक्षात घ्यावे.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

समजले. खरिपाच्या नोंदी चालू असताना हात लावत नाही. दिवाळीनंतर वेगळ्या सर्व्हरवर ४.०चे एन्व्हायर्नमेंट बांधतो आणि मागील तीन हंगामांच्या फायली दोन्हीकडे वाचून मंडळनिहाय ६५ मिलिमीटरच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहतो. बंडल येथूनच उतरवून घेईन. बिंदुसरा, तुम्हाला हवे असल्यास इमेज पेनड्राइव्हवर देता येईल.

बिंदुसरा (बीड)

अवश्य हवी आहे. त्याबरोबर प्रत्येक जारची शा-१ बेरीज एका फाइलमध्ये लिहून द्यावी, म्हणजे येथे उतरवून घेतल्यावर मला ताडून पाहता येईल.